ॲस्परॅगसच्या वाफ्यातला डावखुरा

माझ्या हातचं ॲस्परॅगस चार शहरांत दुसऱ्याच लोकांनी खाल्लं. ही भाजी लावली की लगेच ताटात येत नाही. पहिल्या वर्षी तोडायची नाही, दुसऱ्या वर्षीही नाही. वर येतील ते कोंब वाढू द्यायचे, शेपूच्या पाल्यासारखी त्यांची पिसं होऊ द्यायची, थंडीत वाळली की कापायची आणि वाट बघायची. पहिली तोड तिसऱ्या वसंतात. आणि फुटबॉल कोचची बायको तिसऱ्या वसंतात त्याच घरात असेल, याची खात्री कुणी देत नाही.

माझा नवरा लोवेल ब्रँडवोल्ड आयुष्यभर कोच होता. पायाला चेंडू क्वचितच लागतो, त्या आमच्या फुटबॉलचा. संघ हरला की खेळाडू बदलण्यापेक्षा कोच बदलणं सोपं पडतं, म्हणून आम्ही बदलले जात होतो. दर वेळी नवीन घर, नवीन पडदे आणि मागच्या अंगणात नवीन वाफा. माझी आई म्हणायची, "आर्डिथ, तू मुळे लाव की गं, एका महिन्यात तोंडात." मी काही मुळे लावले नाहीत. मुळे लावणं म्हणजे आपण इथे टिकणार नाही हे कबूल करणं, असं मला वाटायचं.

एरी सरोवराकाठच्या शहरात आम्ही आलो ते त्र्याहत्तरच्या वसंतात. लोवेल पहिल्यांदाच मुख्य कोच झाला होता. पहिला हंगाम वाईट गेला. संघाचे मालक मिस्टर लुट्झ गाद्यांचे कारखानदार, बोलायचेही गादीसारखं मऊ. मोसम संपल्यावर त्यांनी लोवेलच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "अजून एक असं वर्ष, मला वाटतं, आपल्या दोघांनाही झेपणार नाही." लोवेल घरी येऊन म्हणाला, "खोकी माळ्यावर टाकली असशील तर खाली काढून ठेव." मी काढली नाहीत.

दुसऱ्या हंगामाच्या तोंडावर खरी काळजी एकाच गोष्टीची होती, ग्रेडी पेल्हमच्या गुडघ्याची. ग्रेडी आमचा क्वार्टरबॅक. प्रत्येक चाल त्याच्या हातून सुरू व्हायची, चेंडू फेकायचा तोच. हिवाळ्यात त्याच्या गुडघ्यावर शस्त्रक्रिया झाली होती. डॉक्टर म्हणाले, "धरेल." डॉक्टर 'धरेल' म्हणाले की लोवेल घरी येऊन भिंतीकडे बघत बसायचा.

म्हणून त्या ऑगस्टमध्ये सगळ्यांत महत्त्वाचा माणूस ग्रेडी नव्हता, त्याच्या मागे उभा राहणारा होता. राखीव क्वार्टरबॅक ही विचित्र नोकरी. सरावाचे सगळे चेंडू पहिल्याला, कारण रविवारी खेळणार तो. दुसऱ्याने आठवडाभर टोपी घालून बघत राहायचं. मग एखाद्या रविवारी पहिला लंगडत बाहेर येतो, आणि उभं राहून गार पडलेल्या माणसाला सगळं शहर म्हणतं, जा, जिंकून ये.

जागा एक, माणसं दोन.

क्लीट हॅव्हर्टी टेक्ससचा, तेवीस वर्षांचा, घोड्यासारखा देखणा. मैदानाच्या एका टोकाला उभा राहून दुसऱ्या टोकाच्या माणसाची टोपी उडवेल असा हात. लुट्झसाहेबांनी त्याचं चित्र तिकीटखिडकीवर लावूनही टाकलं होतं. दुसरा वेंडेल साइप्स. तिशीला टेकलेला, डोक्यावरचे केस निघून चाललेले, बरीच वर्षं कॅनडात खेळलेला. हिवाळ्यात तो एका शाळेत पोरांना गाडी चालवायला शिकवायचा. फेक अचूक, डोकं शांत. आणि डावखुरा.

"डावखुरा आहे तर बिघडलं काय?" मी विचारलं होतं.

लोवेलने टोपलीतला एक बटाटा उचलला आणि बोटांवर फिरवून दाखवला. "उजव्या हाताचा चेंडू असा गिरक्या घेत येतो. डावखुऱ्याचा उलटा. माझे झेलणारे शाळेपासून एकच गिरकी झेलत आलेत, आर्डी. त्यांच्या हातांना दुसरी माहीतच नाही. त्यात राखीव माणसाला सरावात चेंडू मिळत नाहीत. म्हणजे ऐन सामन्यात हा येणार, पहिल्यांदाच त्यांच्याकडे फेकणार, आणि ते टपाटप सोडणार."

"मग ठरलंच की. हॅव्हर्टी."

"ठरलंच," तो म्हणाला, आणि बटाटा टोपलीत न ठेवता हातातच घेऊन बसला.

त्याची एक पद्धत होती. अवघड निवड असली की माणसाला एकट्याला घरी जेवायला आणायचा, आणि जेवताना फुटबॉलचं अक्षर काढायचं नाही. "मैदानावर सगळे माझ्याकडे बघून वागतात," तो म्हणायचा. "तुझ्या पॉट रोस्टसमोर माणूस विसरतो." चार शहरांत मी किती जणांना असं जेवू घातलं असेल कोण जाणे. त्यांतले बरेच दुसऱ्या दिवशी संघातून निघून घरी गेले. कुणी रागावलं नाही, मांसाचा तो रोस्ट बरा होत असावा.

हॅव्हर्टी सोमवारी आला. हातात माझ्यासाठी पीचचं खोकं, तोंडात सतत 'मॅम'. बटाट्याचा लगदा तिसऱ्यांदा मागून घेतला. त्याच्या मावशीने चर्चच्या जत्रेत डुकराशी लावलेल्या शर्यतीची गोष्ट सांगितली, आणि लोवेल डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला. जेवण झाल्यावर मी नको म्हणत असताना त्याने भांडी पुसली.

भांडी पुसता पुसता म्हणाला, "मॅम, फुटबॉलबद्दल बोलायचं नाही ना?"

"नाही."

"मग एवढंच सांगतो. मला बाकावर बसायचं जमत नाही. लहानपणापासून नाही जमलं. चर्चमध्येसुद्धा माझे पाय हलत राहतात. कोचना सांगू नका."

"कोच तुझ्या मागे उभे आहेत, बाळा."

लोवेल खरंच दारात उभा होता. तिघंही हसलो. तो गेल्यावर मी म्हटलं, "मला आवडला." लोवेल म्हणाला, "कुणाला नाही आवडणार?"

मंगळवारी साइप्स. जेवण अगदी शांतपणे पार पडलं, म्हणजे हसण्यासारखं कुणी काही बोललंच नाही. फुटबॉल वर्ज्य, आणि फुटबॉल वर्ज्य केल्यावर साइप्सकडे उरत होते ते गाडीचे ब्रेक. बर्फावर ब्रेक कसा दाबावा यावर ते दोघं बराच वेळ बोलले. मी ॲपल पाय कापला. त्याने तुकडा संपवला आणि म्हणाला, "छान आहे," आणि लाजला.

तेवढ्यात स्वयंपाकघरातला फोन वाजला. लोवेलने उचलला, आणि त्याची मान ताठ झाली त्यावरून मी ओळखलं, पलीकडे लुट्झसाहेब आहेत. पाहुण्यासमोर ते बोलणं नको म्हणून मी म्हटलं, "वेंडेल, चल, तुला माझी बाग दाखवते." तो मुकाट्याने उठला. त्यालाही कळलं असणार.

उन्हाळ्याची लांब संध्याकाळ होती, अजून चांगला उजेड होता. मागच्या पायऱ्यांवर एक जुना चेंडू कायम पडलेला असायचा. साइप्सने तो सवयीने उचलला, डाव्या हातात फिरवला आणि परत ठेवायला गेला.

"फेक," मी म्हटलं.

"अहो, राहू द्या, मिसेस ब्रँडवोल्ड."

"मी चार भावांची बहीण आहे. फेक."

"हळू फेकतो मग."

"हळू फेकलास तर पायचा दुसरा तुकडा नाही मिळायचा."

त्याने फेकला. चेंडू सरळ माझ्याकडे आला, मी हात बरोबर लावले, आणि तो हातातून साबणासारखा निसटून एप्रनवर आपटला. दुसरा माझ्या अंगठ्याला झटका देऊन गेला. तिसराही सुटला. मला माझाच राग आला.

"तुमची चूक नाहीये," साइप्स म्हणाला. "तो उलटा फिरतो ना. तुम्ही त्याला पकडून थांबवायला बघताय. हातात आल्यावर थोडा फिरू द्या त्याला."

"फिरू द्या म्हणे. चेंडू आहे का पाहुणा?"

पण फिरू दिला. चौथा हातात राहिला. पाचवा राहिला. मग मला गंमत वाटायला लागली आणि मी मागे सरकत गेले, तोही मागे सरकत गेला. स्वयंपाकघराच्या खिडकीत लोवेल दिसत होता, कानाला फोन लावलेला. तो आमच्याकडे बघत होता पण तोंडाने काही बोलत नव्हता, म्हणजे बोलणं तिकडूनच चाललं होतं.

"लांबचा टाक एक," मी ओरडले.

साइप्स चार पावलं झपझप मागे गेला, हात मागे नेला, आणि काहीतरी कडकड मोडलं.

"वेंडेल," मी म्हटलं, "खाली बघ."

तो माझ्या ॲस्परॅगसच्या मधोमध उभा होता. छातीपर्यंत वाढलेली हिरवी पिसं दोन्ही बाजूंना आडवी झालेली. त्याने एक पाय उचलला आणि तसाच हवेत धरला.

"आता हा कुठे ठेवू?"

"होता तिथेच ठेव. दुसरीकडे ठेवलास तर तिथलंही मोडेल."

त्याने पाय होता तिथे ठेवला. चेहरा असा झाला होता की मला रागावताही येईना. "हे काय आहे?"

मी सांगितलं. तीन वर्षांचंही सांगितलं. त्याने बोटांवर मोजलं नाही, पण डोळ्यांनी मोजताना दिसला. "म्हणजे पुढच्या वसंतात पहिल्यांदा खाणार तुम्ही."

"असलो तर."

खिडकीतल्या लोवेलकडे त्याने एकदा बघितलं. मग आल्या पावलांच्या खुणांवरच पाय टाकत, बर्फावरून चालल्यासारखा, वाफ्यातून बाहेर आला. "गड्डे खाली असतात ना? खोल?"

"वीतभर."

"मग कदाचित काही झालं नसेल."

"कदाचित," मी म्हटलं. त्याला पायचा दुसरा तुकडा बांधून दिला.

तो गेल्यावर मी भांडी घासायला लागले आणि लोवेल पुसायला. एकच ताट तो फार वेळ पुसत होता.

"किती सुटले तुझे?" त्याने विचारलं.

"पहिले तीन. मग नाही."

"का?"

"मला काय ठाऊक. हातांना कळलं."

"तू सेहेचाळीस वर्षांची बाई आहेस. एप्रन घालून."

"आणि तू खिडकीतून बघत होतास, बाहेर येऊन झेलायची तुझी हिंमत नव्हती. ते ताट ठेव आता, त्यावरची फुलं जातील."

त्याने ताट ठेवलं. "माझे झेलणारे तुझ्यापेक्षा जरा बरे आहेत, नाही का?"

"जरासे."

"सरावाच्या आधी रोज अर्धा तास त्यांना अंग मोकळं करायला कुणीतरी हलके चेंडू फेकतं. आमचा एक सहायक फेकतो, त्याचा खांदा दुखतो, तो रोज कुरकुरतो. उद्यापासून साइप्स फेकेल. हंगामभर. सरावातला एक चेंडू ग्रेडीचा कमी होणार नाही, आणि त्यांच्या हातांना दोन्ही गिरक्या कळतील." तो स्वतःशीच बोलत होता. "इतकी वर्षं मी म्हणतोय, डावखुरा राखीव नको. पण त्यांचे हात तयार करायचं माझ्या डोक्यात आलं नाही."

मी हात पुसले. "लुट्झ काय म्हणाले?"

"हॅव्हर्टीला ठेव म्हणाले. लोकांना तो हवाय. आणि त्याला न ठेवता संघ हरला, तर मग..." त्याने लुट्झसाहेबांचा मऊ आवाज काढला, "'लोवेल, तर मग मला तुला वाचवता येणार नाही.'"

"हॅव्हर्टीला ठेवलंस आणि हरलास तर?"

"तर आम्ही दोघं मिळून हरलो. मग कदाचित अजून एक वर्ष मिळेल."

म्हणजे सोपा रस्ता समोर होता. आमच्या घराचा, अंगणाचा, सगळ्याचा सोपा रस्ता. असल्या वेळी मी कधी मत दिलं नाही. निवड त्याची, खोकी भरणं माझं, अशी आमची वाटणी होती. पण त्या दिवशी त्याने विचारलंच.

"तू कुणाला ठेवशील?"

"हॅव्हर्टीने भांडी पुसली."

"अगं, भांडी पुसायला मी आहे."

"मग त्याचं काय खटकतंय ते सांग."

लोवेल खुर्चीवर बसला. "काही नाही. पोरगा फार मोठा होणार आहे. तीन वर्षं द्यायला हवीत, उभं राहून बघायला शिकायला हवं, मग तो ग्रेडीपेक्षा मोठा होईल. पण त्याला बसायचं नाही, आणि माझ्याकडे तीन वर्षं नाहीत. ग्रेडीचा गुडघा ऑक्टोबर बघेल असं मला वाटत नाही. तेव्हा मला जो उठून जाईल आणि वेड्यासारखं सगळं एका फेकीत जिंकायला बघणार नाही, असा माणूस हवाय. तो आत्ता तुझा वाफा तुडवून गेला."

खिडकीतून आडवी पडलेली पिसं दिसत होती. मी म्हटलं, "तुडवला खरा. पण बाहेर येताना त्याच खुणांवरून आला. एक रोप जास्त मोडलं नाही."

लोवेलने माझ्याकडे बघितलं, मग फोन उचलला, आणि लुट्झसाहेबांना सांगितलं. मी ऐकत होते. तो फक्त एवढंच म्हणाला, "डावखुरा ठेवतोय. हो, विचार केलाय. हो, ते मला कळलंय."

हॅव्हर्टीला दुसऱ्याच दिवशी पश्चिमेकडच्या एका संघाने उचललं. तिथे त्याला बसावं लागलं, आणि लोवेल म्हणाला तसंच पुढे तो फार मोठा झाला. दर नाताळला त्याचं कार्ड यायचं, वर 'मॅम' लिहिलेलं.

ग्रेडीचा गुडघा नोव्हेंबरपर्यंत धरला. मग एका रविवारी, सरोवरावरून बर्फाचे कण येत असताना, तो खाली बसला आणि उठला नाही. आम्ही बायका एकत्र बसायचो. माझ्या पुढच्या रांगेत मिसेस लुट्झ. त्यांनी मागे वळून माझ्याकडे बघितलं. वाईट नजर नव्हती. आजाऱ्याकडे बघतात तशी होती.

साइप्स टोपी काढून आत गेला. लोक ओरडत होते, हॅव्हर्टी कुठंय म्हणून. पहिला चेंडू त्याने रूफस टॉलिव्हरकडे फेकला. रूफस आमचा सगळ्यांत जुना झेलणारा, आणि ऑगस्टपासून रोज सकाळी साइप्सचे हलके चेंडू झेलता झेलता त्याला शिव्या घालणारा. रूफसने तो असा झेलला की जणू आयुष्यभर तोच चेंडू झेलत आलाय. दुसराही. मग लांबचा एक.

आणि मग साइप्स चुकला. चेंडू सरळ समोरच्या संघाच्या माणसाच्या छातीवर गेला. त्याने झेलला की चेंडू त्यांचा, हे माझ्या आजूबाजूला सगळ्यांना दिसत होतं. त्या माणसाने दोन्ही हात बरोबर लावले, आणि चेंडू त्याच्या हातातून साबणासारखा निसटून खाली पडला. तो आपल्या हातांकडे बघत उभा राहिला.

"नशीब," मिसेस लुट्झ म्हणाल्या.

मी माझ्या अंगठ्याकडे बघितलं. "नाही हो," मी म्हटलं. "तो उलटा फिरतो. त्यांना सवय नाही."

त्या दिवशी त्यांच्या हातून असे दोन चेंडू सुटले. ही गोष्ट लोवेलने मोजली नव्हती, मीही नाही. ज्याची त्याला भीती होती तेच पलीकडे जाऊन बसलं होतं. सामना आम्ही जेमतेम जिंकलो. पुढचे काही जिंकलो, काही हरलो; साइप्स काही जादूगार नव्हता. पण हंगाम संपला तेव्हा जिंकलेले जास्त होते, आणि या शहराला ते फार वर्षांनी दिसत होतं.

जानेवारीत लुट्झसाहेबांनी लोवेलच्या खांद्यावर पुन्हा हात ठेवला. "मला वाटतं, आपल्या दोघांनाही हे झेपतंय," ते म्हणाले. थोडं थांबून म्हणाले, "तो डावरा, मी सुचवला होता ना तुला?"

"तुमच्याशी फोनवर बोलतानाच सुचला," लोवेल म्हणाला. ते खोटं नव्हतं.

एप्रिलच्या शेवटी बर्फ गेलं आणि मी वाफ्यावरचा पालापाचोळा बाजूला केला. एके सकाळी मातीतून जांभळी टोकं वर आली होती, सगळ्या ओळीभर. मी पायऱ्यांवर बसले आणि बराच वेळ बसून राहिले. लोवेल आतून विचारत होता, कॉफी कुठंय म्हणून. मी म्हटलं, स्वतः कर.

पहिल्या तोडीच्या दिवशी साइप्सला जेवायला बोलावलं. तो आल्या आल्या मागच्या अंगणात गेला आणि कडेला उभा राहून वाकून बघायला लागला. एक पाऊल पुढे टाकलं नाही.

"आले का त्या जागचे?"

"आले," मी म्हटलं. "जरा वाकडे आलेत."

त्या दिवशी फुटबॉलवर बोलायची बंदी नव्हती, तरी कुणी फारसं बोललं नाही. मी ॲस्परॅगस लोण्यात परतलं होतं, वर मीठ, बाकी काही नाही. लोवेलने पहिला कोंब तोंडात घातला आणि डोळे मिटले. पाचव्या शहरात, तिसऱ्या वसंतात.

वाकडे कोंब वेगळे काढून मी साइप्सच्या ताटात वाढले होते. त्याने ते ओळखले, आणि एकही न सोडता सगळे खाल्ले.